भाषा किती येते, हे यंत्राला कसं कळतं?

२००६ सालापासून काही वर्षं जगभरच्या डच दूतावासांत एक अजब परीक्षा चालायची. नवरा किंवा बायको नेदरलँड्समध्ये आहे आणि तिथे राहायला जायचं आहे, तर आधी आपल्याच देशात बसून थोडीफार डच येते हे दाखवायचं. भारतीयांनाही हे लागू होतं. उमेदवाराला एका खोलीत बसवायचे आणि टेलिफोन हाती द्यायचे. पलीकडे माणूस नसायचा, संगणक असायचा. तो एक वाक्य म्हणायचा, उमेदवाराने ते जसंच्या तसं परत म्हणायचं. मग दुसरं, जरा लांबडं. मधूनच एखाद्या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द विचारायचा, एखादा बारीकसा प्रश्न. एवढ्यावरून संगणक गुण द्यायचा आणि त्या गुणांवर कुणाचा तरी संसार कुठे मांडला जाणार हे ठरायचं.

पहिल्यांदा ऐकल्यावर कुणीही म्हणेल, यात कसली आली भाषा? ही तर पोपटपंची. पण हा प्रयोग स्वतः करून बघा. ‘पाऊस थांबल्यावर आजोबांनी गोळा करून ठेवलेलं धान्य पुन्हा अंगणात पसरलं.’ हे वाक्य कुणाकडून तरी एकदाच ऐका आणि परत म्हणा. जमेल, फारसा विचारही करावा लागणार नाही. आता तेच वाक्य मराठी अजिबात न येणाऱ्या माणसाला ऐकवा. ‘पाऊस थां...’ इथेच गाडी अडेल.

याचं कारण स्मरणशक्तीच्या घडणीत आहे. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली मांडलं की आपली तात्पुरती स्मृती एका वेळी साधारण सात गोष्टी धरून ठेवते. मात्र ‘एक गोष्ट’ केवढी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मराठी न येणाऱ्याला प्रत्येक अक्षर ही वेगळी गोष्ट, म्हणून त्याची ओंजळ लगेच भरते. तुम्हा-आम्हाला ‘पाऊस थांबल्यावर’ ही एकच गोष्ट. आपण ते वाक्य पाठ करतच नाही. ऐकता ऐकता अर्थ काढून घेतो, शब्द सोडून देतो आणि परत म्हणताना आपल्या व्याकरणाच्या जोरावर ते नव्याने रचतो. म्हणूनच खरी गंमत अर्धवट मराठी येणाऱ्याच्या बाबतीत होते. तो वाक्य पुरं करतो, पण ‘आजोबाने धान्य पसरला’ असं म्हणतो. कानांनी बरोबर ऐकलं होतं. तोंडातून मात्र त्याच्या आतलं व्याकरण बाहेर पडलं. आदरार्थी अनेकवचन अजून बसलेलं नाही आणि धान्याचं नपुंसकलिंग कच्चं आहे, हे दोन्ही एका दमात उघडं झालं. व्याकरणाचा एकही प्रश्न न विचारता!

आता संगणक हे ऐकतो कसं? आवाज त्याच्याकडे सलग येत नाही. तो त्याचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या अंतरावर तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यापाशी थांबून अंदाज बांधतो, हा कोणता ध्वनी असावा. केंब्रिजच्या सिल्के विट आणि स्टीव्ह यंग यांनी २००० साली उच्चार तपासायची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिची कल्पना फार साधी आहे. समजा वाक्यात ‘काळ’ हा शब्द हवा आहे. ‘ळ’च्या जागी जो आवाज आला तो ‘ळ’ असण्याची शक्यता किती, आणि ‘ळ’ धरून कुठलाही ध्वनी असण्याची जास्तीत जास्त शक्यता किती? दोन्ही जवळपास असतील तर उच्चार ठीक. ‘ल’चं पारडं स्पष्टपणे जड झालं तर बोलणाऱ्याने ‘काल’ म्हटलंय. यंत्राला ‘काळ’ म्हणजे काय हे ठाऊक नाही, ‘काल’ म्हणजे काय हेही नाही. तरी दोन्हींतला फरक ते पकडतं.

त्याहूनही मला थक्क करते ती शांततेची मोजणी. भाषा येणाराही बोलताना थांबतो, पुष्कळ थांबतो. प्रश्न आहे तो कुठे थांबतो याचा. ‘काल बाजारात गेलो... पण भाजी फार महाग होती’ हे थांबणं विचाराच्या सांध्यावरचं आहे. ‘काल मी बाजार... बाजारा... मध्ये गेलो’ हे थांबणं शब्दाच्या पोटातलं. पहिल्यात माणूस पुढे काय सांगायचं ते ठरवतो, दुसऱ्यात कसं सांगायचं ते शोधतो. सेकंदाच्या पावभागाएवढा विरामही संगणक टिपू शकतो. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्समा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेलं ‘प्राट’ हे मोफत सॉफ्टवेअर जगभरचे ध्वनिअभ्यासक वापरतात. त्यात विराम आणि अक्षरांचा वेग आपोआप मोजता येतो. नेदरलँड्सच्याच निव्या डी याँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच वाटेने जाताना एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. परक्या भाषेतलं अडखळणं काही प्रमाणात त्या माणसाच्या मातृभाषेतल्या सवयीवरूनच सांगता येतं. जो घरीही सावकाश, तोलून-मापून बोलतो, तो परभाषेतही तसाच बोलणार. त्याचे गुण कापणं म्हणजे स्वभावाला शिक्षा देणं. न्यायाने मोजायचं तर आधी त्याला त्याच्या भाषेत बोलू द्यायला हवं. हे बहुतेक परीक्षा करत नाहीत, आणि मला ही मोठी उणीव वाटते.

या सगळ्याला ‘सर्वांगीण मूल्यमापन’ असं भारदस्त नाव आहे आणि ते नव्या तंत्रज्ञानाचं लेकरू आहे असा समज आहे. इतिहास उलटं सांगतो. १९१३ साली केंब्रिजने परदेशी लोकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची पहिली परीक्षा घेतली. ती बारा तास चालली. भाषांतर, निबंध, ध्वनिशास्त्र, श्रुतलेखन, मोठ्याने वाचन आणि समोरासमोर संभाषण, सगळं त्यात होतं. याहून सर्वांगीण काय असणार? उमेदवार किती होते? तीन. तिघेही नापास झाले.

तिघांसाठी बारा तास देता येतात, तीन लाखांसाठी नाही. मग यंत्र आलं, आणि आधी त्याने भाषेची परीक्षा अरुंद करून टाकली. मिशिगनमधले एक शाळामास्तर रेनॉल्ड जॉन्सन यांनी उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र शोधलं आणि आयबीएमने ते १९३८ साली ‘८०५’ या नावाने बाजारात आणलं. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते. मुलाने ज्या पर्यायावर काळी खूण केली तिथे प्रवाह जुळतो, काटा हलतो, गुण मिळतो. कल्पना अतिशय सुंदर, पण शिशाच्या ठिपक्याला बोलता येत नाही. जे ठिपक्यात मावतं तेवढंच विचारलं जाऊ लागलं: योग्य पर्याय निवडा, चुकीचा शब्द ओळखा. १९६४ साली सुरू झालेल्या ‘टोफेल’ने लाखो विद्यार्थ्यांना अमेरिकेची दारं उघडून दिली, त्या मुख्य परीक्षेत तोंड उघडून बोलणं मात्र २००५ साली इंटरनेटवरची आवृत्ती आली तेव्हाच आलं. चार दशकं न बोलता भाषा मोजली गेली. आपल्याकडे तोंडी परीक्षा होती, पण तिचे गुण कसे वाटले जात हे दहावी झालेल्या कुणालाही विचारा.

म्हणून आज जे घडतंय ते मला परतीचा प्रवास वाटतं. ज्या यंत्राने परीक्षा आखडली तेच आता तिला १९१३च्या रुंदीकडे नेतंय, आणि तेही बारा तास न घेता.

वेळ वाचतो तो प्रश्न निवडण्याच्या युक्तीमुळे. चष्म्याचा नंबर काढताना डॉक्टर भिंगांचा सगळा डबा आपल्या डोळ्यांसमोर रिकामा करत नाहीत. ही काच बरी की ती, असं विचारत पाच मिनिटांत नंबरावर येतात. संगणकावरची अनुकूली परीक्षा तशीच चालते: उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड, चुकलं की थोडा सोपा. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला येईल की नाही हे अगदी निम्मं-निम्मं आहे, तोच प्रश्न तुमच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगतो. हमखास येणारे आणि हमखास न येणारे प्रश्न विचारून नवं काही कळत नाही, उमेदवार कंटाळतो किंवा खचतो.

पण एक अडचण उरते. मला वेगळे प्रश्न आणि तुम्हाला वेगळे, तर आपली तुलना कशी करायची? याचं उत्तर गेओर्ग राश या डॅनिश गणितज्ञाने शोधलं. आणि त्याला ते सापडलं वाचनात मागे पडलेल्या मुलांमुळे. १९५०च्या सुमारास त्याच्याकडे अशा मुलांच्या मोठ्याने वाचनाच्या नोंदी आल्या. जादा शिकवणी मिळाल्यावर मुलं किती सुधारली, हे सांगायचं होतं. मात्र वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे उतारे वाचून घेतले होते, काही सोपे, काही कठीण. राशने उताऱ्याचा कठीणपणा आणि मुलाची कुवत या दोन गोष्टी गणिताने एकमेकांपासून सोडवल्या आणि एकाच पट्टीवर मांडल्या. १९६० साली त्याचं पुस्तक कोपनहेगनला निघालं. आज जगात कोणी घरबसल्या लॅपटॉपवर भाषेची परीक्षा देतो, तेव्हा पुढचा प्रश्न ठरवणाऱ्या गणितामागे त्या अडखळत वाचणाऱ्या डॅनिश पोरांचे उतारे असतात.

उत्तर बघून पुढचा प्रश्न निवडण्याची युक्ती संगणकाशिवायही चालते, आणि तिचं फार चांगलं उदाहरण आपल्या जवळचं आहे. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००५पासून ‘असर’ पाहणी सुरू केली. स्वयंसेवक गावात जातो, घराच्या ओट्यावर मुलाशेजारी बसतो आणि एक कागद पुढे करतो. सुरुवात मधूनच होते, पहिलीच्या पातळीच्या छोट्या उताऱ्यापासून. मुलाने तो वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. नाही वाचता आला तर सुटे शब्द, तेही नाही जमले तर अक्षरं. वर किंवा खाली सरकत काही मिनिटांत मुलाची पातळी हाती येते. कागदाच्या एका तुकड्यावर अनुकूली परीक्षा! लाखो मुलांपर्यंत पोचलेल्या या पाहणीने शाळेत नाव असणं आणि वाचता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे देशाला दाखवून दिलं.

शब्दसंपत्ती मोजायची तर त्याहूनही चतुर सापळा आहे. निथळणे, ओशाळणे, झुपळणे, तुडुंब, तरंबट: यातले कोणते शब्द मराठीत आहेत? फक्त हो किंवा नाही म्हणा. दोन शब्द मी आत्ताच बनवले. ‘सगळे येतात’ म्हणून छाती पुढे काढणारा त्यांच्यावर घसरतो आणि त्याच्या बाकीच्या होकारांची किंमत किती धरायची ते कळतं. पॉल मीरा यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत भाषा शिकणाऱ्यांसाठी पुढे आणली. इंग्रजीसाठीच्या ‘लेक्सटेल’ चाचणीत साठ शब्द असतात, चाळीस खरे आणि वीस बनावट. पाचेक मिनिटांत काम होतं.

लेखनाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि सावध करणारीही. १९६६ साली एलिस पेज या अमेरिकन गृहस्थाने जाहीर केलं की संगणक लवकरच निबंध तपासेल. ते स्वतः पूर्वी इंग्रजीचे शिक्षक, म्हणजे वह्यांचे गठ्ठे घरी नेलेला माणूस. त्या काळी निबंध आधी छिद्रांच्या कार्डांवर उतरवावा लागे. पेज यांची कबुली प्रामाणिक होती. निबंधाचे खरे गुण, म्हणजे विचार, मांडणी, शैली, हे यंत्राला दिसणार नाहीत. त्याला दिसतील त्यांच्या पडछाया: शब्दांची संख्या, स्वल्पविराम, कमी वापरात असलेले शब्द. चांगलं लिहिणाऱ्याकडे या खुणा सहसा जास्त असतात, एवढाच आधार. आश्चर्य म्हणजे तेवढ्यावरही यंत्राचे गुण माणसांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. १९९९ साली अमेरिकेतल्या व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेत, जीमॅटमध्ये, ‘ई-रेटर’ हे यंत्र खऱ्या परीक्षकाबरोबर निबंध तपासायला बसलं.

मग एमआयटीतल्या लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने २०१४ साली ‘बेबेल’ नावाचा उलटा कारखाना काढला. त्यात एक ते तीन शब्द टाकायचे, क्षणात जडजंबाल शब्दांनी ठासून भरलेला अख्खा निबंध बाहेर. व्याकरण निर्दोष, अर्थ शून्य. निबंध तपासणाऱ्या यंत्रांनी त्याला भरघोस गुण दिले. पडछाया अगदी हुबेहूब होती, मागे वस्तूच नव्हती.

तरी लेखनात यंत्राला एक अशी गोष्ट दिसते, जी मास्तरांना कधीच दिसली नव्हती. अँटवर्प विद्यापीठातल्या लुक व्हान वाएस आणि मारिएल लाइतेन यांचं ‘इनपुटलॉग’ हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची प्रत्येक कळ आणि तिची वेळ नोंदवतं. विद्यार्थ्याने ‘निर्मिती’ बरोबर लिहिलंय, असं वहीत दिसतं. नोंद सांगते की आधी ‘निर्मीती’ लिहिलं, पुसलं, चार सेकंद थांबला, पुन्हा दीर्घ केलं, पुन्हा पुसलं. परिच्छेद सुरू करण्याआधीचा लांब विराम विचाराचा, शब्दामधला विराम शुद्धलेखनाचा. शिक्षकाला यातून कळतं की याला कल्पना सुचतात, अडतं ते ह्रस्व-दीर्घाशी. गुण देण्यासाठी मात्र हे वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कच्चा खर्डा करण्याची मुभा लिहिणाऱ्याला हवीच.

एकट्या मापावर विसंबल्याने काय होतं हे २०१७ साली ऑस्ट्रेलियात दिसलं. आयर्लंडची, इंग्रजी हीच मातृभाषा असलेली, दोन पदव्या घेतलेली एक पशुवैद्यक व्हिसासाठी यंत्राने तपासल्या जाणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेला बसली आणि तोंडी भागात कमी पडली. परीक्षा घेणाऱ्या कंपनीने यंत्रात दोष नसल्याचं सांगितलं. दुसरीकडे अशा परीक्षांच्या शिकवण्यांमध्ये पाठ केलेल्या साच्यात बोलत राहा, थांबू नका, असा सल्ला सर्रास दिला जातो. एकीकडे जन्मजात बोलणारी बाहेर, दुसरीकडे साचा घोकणारा आत. बेबेलची तीच करामत, फक्त तोंडाने.

मायकेल कनाल आणि मेरिल स्वेन यांनी १९८० साली भाषा येण्याचे पदर वेगळे करून दाखवले, त्यातला एक मला फार आवडतो: शब्द अडला की वाट काढण्याची कला. मराठी शिकणाऱ्या कुणाला ‘किल्ली’ आठवली नाही आणि त्याने ‘कुलूप उघडायची वस्तू’ म्हटलं, तर शब्दांच्या चाचणीत तो नापास होईल. प्रत्यक्षात दार उघडेल. वाक्य परत म्हणण्यात ही कला दिसत नाही, विराम मोजण्यात तर ती अडखळणं म्हणूनच नोंदली जाते. तिच्यासाठी समोर दुसरं कुणीतरी लागतं. केंब्रिजच्या काही परीक्षांत आजही दोन उमेदवार एकमेकांशी बोलतात. एक परीक्षक बोलतं ठेवतो, दुसरा गप्प राहून ऐकतो. महागडी पद्धत आहे, पण हा पदर तिच्यातच सापडतो. यंत्राने उच्चार, विराम, शब्द, वाचन अशा चार-सहा बाजूंनी बघावं, त्या नजरा एकमेकींशी जुळतात का ते तपासावं आणि जिथे जुळत नाहीत तिथे माणसाला हाक मारावी, ही वाटणी मला योग्य वाटते.

आता आपल्या घरचा प्रश्न. यंत्राचे कान ज्या आवाजांवर तयार होतात तेच आवाज त्याला नीट कळतात. २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच बड्या कंपन्यांची वाक्-ओळख यंत्रणा तपासली. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात शंभरामागे सरासरी १९ शब्द चुकत होते, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. भाषा एकच, इंग्रजी. हेच मराठीत आणून बघा. मघाचा ‘काळ’ आणि ‘काल’ आठवा. खानदेशात आणि वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. पुण्या-मुंबईच्या आवाजांवर वाढलेलं यंत्र तिथल्या पोरीच्या प्रत्येक ‘य’ला लाल खूण करेल. तिने चूक केलेली नसेल. ती आजीसारखं बोलत असेल. शिवाय लहान मुलांचा आवाज यंत्राला मुळातच अवघड जातो, कारण त्यांचा गळा आणि तोंडाची पोकळी लहान असते.

हे काही दूरच्या भविष्यातलं नाही. गूगलचं ‘रीड अलाँग’ हे अ‍ॅप २०१९ साली भारतातच ‘बोलो’ नावाने सुरू झालं आणि पुढे त्यात मराठी आली. मूल मोठ्याने वाचतं, फोन ऐकतो, अडलेला शब्द सांगतो. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली, म्हणजे घरी दुसरी भाषा बोलणारी असंख्य मुलं आता मराठी शिकताहेत. त्यांची मराठी आज ना उद्या यंत्र ऐकणार. ते कसं ऐकेल, हे आत्ता त्याला कोणाचे आवाज मिळतात यावर ठरेल.

मोझिला या संस्थेचा ‘कॉमन व्हॉइस’ हा खुला प्रकल्प मराठीतही आहे. ब्राउझर उघडायचा, पडद्यावरचं वाक्य आपल्या आवाजात वाचायचं, दुसऱ्यांनी वाचलेली वाक्यं ऐकून बरोबर की चूक ते सांगायचं. हे आवाज कुणालाही मोफत वापरता येतात. तुम्ही मालवणात असा, जळगावात, अकोल्यात किंवा न्यू जर्सीत, दहा मिनिटं काढा आणि तुमच्या वाक्यांची भर घाला. आणि वाचताना मुद्दाम ‘शुद्ध’ बोलायला जाऊ नका. घरी बोलता तसंच बोला.